हिटलरनं स्वस्तिक उलटं केलेलं नाही

"आपलं स्वस्तिक उजवं, हिटलरचं उलटं. आपलं सरळ, त्याचं तिरकं. 'स्वस्तिक' हे नाव त्याच्या चिन्हाला एका पाद्र्यानं मुद्दाम चिकटवलं. स्वस्तिकाची ऊर्जा १० लाख बोविस."

हा मेसेज आता माझ्या भाचीपर्यंत पोचला. ती शिकायला जर्मनीला निघाली आहे आणि "आपलं वेगळंच आहे ना" म्हणून तिनं लॅपटॉपवर लावायला स्टिकरही घेऊन ठेवलेत. त्यामुळे आता गप्प बसणं शक्य नाही.

पहिला मुद्दा साफ खोटा आहे, आणि सगळ्यात घातकही तोच. उभ्या रेघेचं वरचं टोक कुठे वळतं तेवढं बघा. देवघरातल्या स्वस्तिकाचं उजवीकडे वळतं. १५ सप्टेंबर १९३५ रोजी जर्मनीचा राष्ट्रध्वज ठरलेल्या नाझी झेंड्यावरचंही उजवीकडेच वळतं. चिन्ह ४५ अंशांत फिरवलं म्हणून त्याची दिशा बदलत नाही. डावीकडे वळणारं चिन्ह जपानच्या नकाशांवर बौद्ध मंदिराची खूण म्हणून असतं, त्याला तिथे 'मांजी' म्हणतात. पोकेमॉन या पत्त्यांच्या खेळातल्या एका जपानी पत्त्यावर हे डावं मांजी होतं. तरीही १९९९ मध्ये अमेरिकेत ज्यूंच्या संघटनेनं आक्षेप घेतला आणि कंपनीला तो पत्ता बंद करावा लागला. बघणारा माणूस दिशा मोजत बसत नाही. शिवाय काचेच्या दारावर बाहेरून रंगवलेलं उजवं स्वस्तिक आतून डावं दिसतं, आणि टी-शर्टवर इस्त्रीनं उतरवायचं चित्र आधी आरशातल्यासारखं छापायला विसरलं की ते उलटंच उमटतं.

सरळ-तिरक्याचं अर्धंच खरं. पक्षाच्या झेंड्यावर ते तिरकं होतं, पण हिटलरच्या स्वतःच्या ध्वजावर चक्क सरळ होतं. उलट दारात सरळ काढलेली आपली रांगोळी कोपऱ्यातून जिना चढून येणाऱ्याला तिरकीच दिसते.

खरा फरक बांधणीत आहे. नाझी चिन्ह ५ गुणिले ५ चौकटींत बसतं: प्रत्येक पट्टी एक चौकट जाड, मधली फट एक चौकट, ठिपके नाहीत, रंग काळा, मागे पांढरा गोल. आपलं कुंकवाचं, बोटानं ओढलेल्या रेघांचं, चार घरांत चार ठिपके असलेलं. पण बाजारात मिळणाऱ्या स्टिकरांत ठिपके गाळून जाड काळ्या पट्ट्या केलेल्या असतात. मग फरक राहिला कुठे?

नावाबद्दल थोडं मान्य करावं लागेल. हिटलरनं 'हाकेनक्रॉइत्स', म्हणजे आकडेदार क्रूस, हाच शब्द वापरला. त्याच्या 'माइन काम्फ' या आत्मचरित्राचा १९३९ चा इंग्रजी अनुवाद करणारा जेम्स मर्फी पूर्वी पाद्री होता, हेही खरं. पण हा शब्द त्यानं आणला हे खोटं. ट्रॉयच्या उत्खननात सापडलेल्या अशा खुणांना तिथे खोदकाम करणारा जर्मन संशोधक श्लीमान स्वस्तिक म्हणत होता, आणि त्याच्या १८८० च्या ग्रंथातच संस्कृतचा अभ्यासक मॅक्सम्युलर याची नाराजी छापलेली आहे: हा भारतातला शब्द आहे, त्याला तिथे स्वतःचा इतिहास आणि ठरावीक अर्थ आहे, भारताबाहेर तो वापरलेला मला आवडत नाही. हिटलरचा जन्म १८८९ चा! म्हणजे तक्रार रास्त, पण गुन्हेगार चुकीचा पकडलाय.

बोविस हे भौतिकशास्त्रातलं एककच नाही. लोलक हातात धरून सांगितलेले आकडे आहेत ते.

आता कायदा. जर्मन दंडसंहितेचं कलम ८६अ असं चिन्ह सार्वजनिक ठिकाणी वापरणं आणि पसरवणं यावर आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. 'गल्लत होईल इतकं सारखं' दिसणारं चिन्हही त्यात येतं. न्यायालय संदर्भ बघतं हे खरं, पण तो संदर्भ पोलिसांपुढे परक्या भाषेत समजावून सांगायची वेळ भाचीवर का यावी? ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं २०२२ च्या कायद्यात हिंदू, बौद्ध, जैन वापराला स्पष्ट सूट दिली आहे. ती जर्मनीत गृहीत धरू नका.

आणि ही गल्लत फक्त परदेशी करतात असंही नाही. २००६ मध्ये नवी मुंबईत एका हॉटेलनं हिटलरचं नाव आणि नाझी चिन्ह मिरवलं होतं. ज्यू समाजानं निषेध केल्यावर नाव बदललं.

देवघर सार्वजनिक जागा नाही. तिथे पाटावर कुंकवानं चार ठिपक्यांचं स्वस्तिक खुशाल काढावं. रांगोळीतलं उंबऱ्याच्या आत, सोबत कलश किंवा गोपद्म. लॅपटॉपला ॐ लावावा. ते काळे स्टिकर इथेच ठेवून जावेत.