बिन पिशवीचा

काल संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर एका अनोळखी काकांनी चारचौघांत माझी जी काढली ती अजून डोक्यातनं जात नाहीये.

मी नुकताच भाच्याकडं मिनेसोटाला जाऊन आलोय. एप्रिलात तिथल्या तळ्यांवरचा बर्फ फुटला रे फुटला की ही पोरं कयाक, म्हणजे वल्ह्याची छोटी अरुंद होडी, घेऊन पळतात, मीही गेलो, बस एवढंच. त्याचे फोटो मित्राला दाखवत होतो तर शेजारी कणीस खात बसलेल्या काकांनी मान लांब केली.

"पाणी किती गार हुतं?"

"चारेक डिग्री असेल."

"म्हंजे फ्रिजातल्या बाटलीएवढं. मग पवलास का न्हाई?"

आता घ्या. मी सांगितलं, काका, त्यात पोहायचं नसतंच, पडलं की पहिल्याच मिनिटात आपोआप धाप लागते, त्यात नाकातोंडात पाणी जातं, दहाएक मिनिटांत हातपाय ऐकेनासे होतात, पट्टीचा पोहणाराही बुडतो. म्हणून लाइफ जॅकेट आणि खाली ड्रायसूट, म्हणजे अंगभर पाणबंद पोशाख, गळ्याला-मनगटाला घट्ट रबर, आत थेंब शिरत नाही.

काका कणीस चावायचे थांबले. "थेंब न्हाई?"

"नाही."

"म्हंजे भिजलाच न्हाईस."

"नाही."

"मग पाण्यात गेलास कवा?"

आणि लगेच भेळवाल्याकडं वळून, "ए भावा, हे पावनं पिशवीत बसून तळ्यात जाऊन आलंय, कोरडंठाक!" भेळवाला हसला, गिऱ्हाइकं हसली, आणि ज्याच्या भेळेचे पैसे मी दिले होते तो माझा मित्र सगळ्यात जास्त हसला.

मला सांगायचं होतं की बर्फ आधी काठाला सुटतो, मधला काळपट पडून उभ्या काड्या-काड्यांचा होतो आणि त्या एकमेकींवर आपटून किणकिणतात, वारा फिरला तर तोच बर्फ सरकून परतीची वाट बंद करतो म्हणून काठ सोडायचा नाही. पण ऐकतंय कोण! काका तोवर डिसेंबरातल्या पहाटे लंगोटावर पंचगंगेत उड्या मारत होते.

बरं, एवढी पाण्याची मर्दुमकी, तर समोरच्या तळ्याचं बघा की जरा. इथं कयाक घातली तर वल्ह्याला पाण्याआधी केंदाळ लागायचं. काढतात, परत येतं, येणारच, सांडपाणी पिऊन पोसलंय ते. त्याच्यावर कुणी जोक करत नाही, ड्रायसूट घालणारा माणूस मात्र लगेच सापडतो!

निघताना काका एकदम मऊ. "नातू इंजिनेर हाय, तुमच्या भाच्याकडं काय बघता येतंय का?" तू-चं तुम्ही झालं होतं. मी नंबर दिला, काय करणार.

आज सकाळी सहाला मेसेज आला. नातवाचा बायोडेटा असंल म्हणून उघडला, तर पंचगंगेत उघड्या अंगानं उभारलेल्या काकांचा फोटो, खाली लिहिलंय, "बिन पिशवीचा."