साताऱ्यातून ब्रिटिश ओपन

गोल्फमधली मास्टर्स स्पर्धा बघणं सोपं. शेवटची फेरी अमेरिकेतल्या जॉर्जियात रविवारी संध्याकाळी सातच्या सुमारास संपते, म्हणजे आपल्याकडे सोमवारची पहाट, साडेचार. त्या वेळी रिमोटला दुसरा वारसदार नसतो. घाम फोडते ती जुलैतली ब्रिटिश ओपन, कारण तिची वेळ सोयीची आहे. तिथलं उन्हाळी घड्याळ आपल्या साडेचार तास मागे. रविवारी आघाडीची जोडी दुपारी अडीचच्या आसपास सुरू करते, म्हणजे आपले सात, आणि संपेपर्यंत अकरा. नेमका महाएपिसोडचा मुहूर्त!

गुरुवार-शुक्रवारचं तर विचारूच नका. 156 खेळाडू, तिघातिघांचे 52 गट, आणि सगळे पहिल्याच होलपासून सुटणार. आपल्या अकरा वाजता सुरू झालेला खेळ मध्यरात्र उलटली तरी चालूच.

त्यात साताऱ्याचा जुलै. तिकडे भर पावसात छत्र्या धरून खेळतात, विजा चमकल्या किंवा ग्रीनवर (खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) पाणी साचलं तरच थांबतात. आमच्याकडे येवतेश्वराच्या बाजूने सर आली की खेळ थेट बंद, पडद्यावर ‘सिग्नल उपलब्ध नाही’. डिशला येणाऱ्या केयू बँडच्या लहरी पावसाचे थेंब शोषून घेतात, त्याला इलाज नाही. अशा वेळी घरातला एखादा उत्साही वीर गच्चीत जाऊन डिश हलवतो. मग पाऊस थांबतो, सिग्नल मात्र येत नाही. डिश दोन-तीन अंश जरी सरकली तरी उपग्रह हुकतो.

करायचं ते जूनआधी करावं. एलएनबीचं (डिशच्या पुढ्यातल्या रिसीव्हरचं) टोपण तडकलंय का बघावं. कनेक्टर उघडून आतली तार हिरवी पडली असेल तर तेवढी केबल छाटून नवा कनेक्टर बसवावा, वरून वॉटरप्रूफ टेप घट्ट गुंडाळावी. केबल भिंतीत शिरण्याआधी खाली झोल ठेवावा. पाणी तिथेच ठिबकतं, सेट टॉप बॉक्सच्या भेटीला येत नाही.

आवाजाचा त्रास वेगळाच. पटिंग, म्हणजे ग्रीनवरून खळग्याकडे चेंडू हलकेच ढकलणं, सुरू झालं की समालोचक कुजबुजायला लागतात, म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्या क्षणी जाहिरात अशी किंचाळते की शेजारचे गॅलरीत येतात. अंगठा म्यूटवरच ठेवावा.

आणि प्रश्न. “वजा सतरा? म्हणजे हा शेवटून पहिला का रे?” नाही आई, वजा म्हणजे पारपेक्षा (ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा) तेवढे फटके कमी, म्हणून आकडा लाल. “लाल म्हणजे नापासच की!” कोणी गुडघाभर गवतात चेंडू शोधत असला की आईला खरा रस येतो. शोधायला तीनच मिनिटं मिळतात (2019 पूर्वी पाच होती) हे ऐकून ती हळहळते. तिचा चष्मा सापडायला याहून जास्त लागतात.

टीव्ही गेला की मोबाइल. पण मोबाइलवरचं प्रक्षेपण मागे रेंगाळतं आणि स्कोअरचं ॲप पुढे धावतं. खेळाडू अजून पटची रेघ न्याहाळतोय तोवर ॲपने बर्डी (त्या होलवर पारपेक्षा एक फटका कमी) नोंदवलेली असते. हे ॲप लपवून “हा आत जाणार” असं म्हणत राहिलं की घरात आपला दबदबा वाढतो. फक्त आई लगेच पुढचं काम सांगते: “एवढं कळतंय तर उद्या ऊन पडेल का ते बघ. चार दिवस चादरी वाळल्या नाहीत.”