सावित्रीबाईंना कुठे लागला होता समुपदेशक?

गेल्या महिन्यात एकच मजकूर मला चार ग्रुपवरून आला. एक सोसायटीचा, दोन नातेवाइकांचे आणि चौथा चक्क आम्हा दत्तक-पालकांचा. लिहिणाऱ्याचं नाव नाही, शेवटी जोडलेले हात. सार असं, की दत्तक मूल संस्थेत परत करणारे लोक आई-बाप म्हणवून घ्यायच्या लायकीचे नाहीत. लहान मुलाला मागचं काही आठवत नसतं, माया लावली की सगळं सुरळीत होतं. सावित्रीबाई फुल्यांनी दत्तक यशवंताला वाढवलं तेव्हा कुठे होते समुपदेशक? आणि सरकार एवढी चौकशी करून मूल देतं, त्यावर आणखी मदत मागणं म्हणजे शहरी लोकांचे चोचले.

माझी मुलगी साडेपाच वर्षांची असताना घरी आली, आता ती चौदाची आहे. तेव्हा हे उत्तर तटस्थ माणसाचं नाही, हे आधीच सांगते.

‘लहान मुलाला काही आठवत नसतं.’ प्रसंग सांगता येणं म्हणजे आठवण, असं धरलं तर बरोबर आहे. संस्थेतल्या दोनच गोष्टी आमच्या मुलीला सांगता येतात, एक निळी बादली आणि एक लंगडं कुत्रं. पण घरी आल्यावर जवळजवळ वर्षभर ती मला ‘मावशी’ म्हणायची. तिच्या आयुष्यातली प्रत्येक बाई मावशीच होती. मावशा पाळीप्रमाणे येत, पाळी संपली की जात, काही नोकरी सोडून कायमच्या जात. भाजीबाजारात ती कुठल्याही बाईचं बोट धरून चालू लागायची. नातेवाईक खूश, ‘किती लाघवी पोर, कुणाकडेही जाते!’ गुडघा फुटून रक्त आलं तरी रडायची नाही, त्याचंही कौतुक. रडलं तरी कोणी येत नाही, हे ती फार आधी शिकून बसली होती, हे माझ्या डोक्यात शिरायला दीड वर्ष गेलं.

यावर पक्का अभ्यास झालेला आहे. १९८९ च्या अखेरीस रुमानियातली हुकूमशाही कोसळली आणि तिथल्या अनाथालयांचे हाल जगासमोर आले. त्यातली बरीच मुलं इंग्लंडमधल्या कुटुंबांनी दत्तक घेतली. ब्रिटिश बालमनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १६५ मुलांचा ती मोठी होईपर्यंत माग ठेवला. सहा महिन्यांच्या आत जी अनाथालयातून बाहेर पडली, ती इंग्लंडमध्येच जन्मून दत्तक गेलेल्या मुलांसारखीच वाढली. त्याहून जास्त काळ जी तिथे राहिली, त्यांच्यातल्या अनेकांमध्ये चंचलपणा आणि परक्या माणसाशीही बेधडक सलगी विशीनंतरही दिसत होती. मधली सगळी वर्षं ती चांगल्या घरांत होती. ‘कुणाकडेही जाते’ हे वाक्य मला त्या दिवसापासून गोड वाटेनासं झालं. याच अभ्यासात असंही दिसलं, की जास्त काळ राहिलेल्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा मुलं अगदी ठणठणीत निघाली. आणि आपल्या संस्था म्हणजे तेव्हाचा रुमानिया नव्हे. जीव लावणाऱ्या मावशा मी पाहिल्या आहेत. पण त्यांची पाळी संपतेच.

आता यशवंत. हे उदाहरण देणाऱ्याने निदान ते पुरतं वाचायचं. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचं हे मूल फुल्यांच्याच आश्रयाला जन्मलं, १८७४ च्या सुमारास. जोतीराव-सावित्रीबाईंनी ते लगेच पोटाशी धरलं. पाच वर्षं पाळीच्या मावशा, मग एक दिवस गाडीत बसवून अनोळखी घर, असं त्याच्या वाट्याला आलं नाही. शिवाय घरात माया होती म्हणून बाहेरचं सगळं सुरळीत झालं का? १८९० साली जोतीराव गेले तेव्हा दत्तक मुलाला टिटवं, म्हणजे प्रेतयात्रेपुढे नेतात ते मडकं, धरण्याचा हक्क नाही म्हणून भाऊबंद आडवे आले. सावित्रीबाईंनी ते स्वतः हातात धरलं आणि पुढे चालू लागल्या. डॉक्टर होऊन १८९७ च्या प्लेगमध्ये आईबरोबर रुग्णांसाठी झटलेला हा मुलगा बापाच्या प्रेतयात्रेतही भाऊबंदांना ‘आपला’ वाटला नव्हता. मजकूर लिहिणाऱ्याने हा भाग गाळला आहे.

मायेची गंमत अशी, की अशा मुलांना ती आधी भीतीदायक वाटते. माझी मुलगी मी जितकं जवळ घेईन तितकी जोरात लाथ मारायची. आजवरचं प्रत्येक मोठं माणूस निघून गेलं, हीही जाणार, मग आपणच आधी मोडून टाकू, असं काहीतरी आत चालत असावं. हे तिला सांगता येत नव्हतं आणि मला ओळखता येत नव्हतं. आपल्या घरातल्या नेहमीच्या युक्त्या इथे उलट्या पडतात. ‘आई जाईल हं सोडून’, ‘थांब, पोलिसाला देते’, ‘बस बाहेर एकटी’. आणि तो आपला जुना विनोद, ‘तुला बोहारणीकडून घेतलंय’. माझ्या सासूबाईंनी तो एकदा केला, आपल्या सगळ्या नातवंडांना करतात तसाच, प्रेमानेच. अर्ध्या तासाने पाहिलं तर ही दप्तर भरून, चपला घालून दाराशी बसलेली. सासूबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. त्यांच्या मायेत काही कमी नव्हतं, त्यांना कोणी आधी सांगितलेलं नव्हतं एवढंच.

मजकुरात एक ‘रक्त बोलतं’ही आहे. वरच्या ओळीत माया सगळं बदलते आणि खालच्या ओळीत रक्त बदलत नाही. लेखकाने आधी स्वतःचं काय ते ठरवावं, मग उत्तर देऊ.

परत करणाऱ्यांचं काय, हा प्रश्न मात्र झटकण्यासारखा नाही. २०१७ ते २०१९ या काळात देशात दत्तक दिलेल्या ६,६५० मुलांपैकी २७८ परत आली, साधारण शंभरात चार. त्यात ६० टक्के मुली होत्या, २४ टक्के विशेष गरजा असलेली मुलं, आणि अनेकांचं वय सहाच्या पुढे. परत आलेल्या मुलाला दुसऱ्यांदा टाकलं गेल्याचा घाव बसतो आणि मी त्याचं समर्थन करणार नाही. फोटो पाहून मूल मागणारे, पाहुण्यांपुढे ‘आम्ही पुण्य केलं’ म्हणणारे लोक मला भेटले आहेत.

पण ‘परतीवर बंदी आणा’ म्हणणाऱ्यांनी कायदा वाचलेला नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यानुसार एकदा वैध दत्तक झालं की आई-बापांना ते रद्द करता येत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानेही दत्तकाचा आदेश निघाल्यानंतर मूल सर्व अर्थांनी त्या घरचं होतं, तो आदेश मोडायचा तर रीतसर सक्षम यंत्रणेपुढे जावं लागतं. आदेशाआधी मूल घरी संगोपनासाठी असतं, त्या काळात नातं मोडू शकतं, आणि ती पळवाट नाही. जिथे मूल धोक्यात आहे तिथून त्याला काढून घेण्यासाठीही तीच सोय लागते. शिक्षेची भीती घातली तर लोक मूल ठेवतील, आणि कसं ठेवतील हे कोणाला दिसणार नाही. ज्यांचं मोडलं त्यांच्यापैकी मला माहीत असलेल्या एका जोडप्याने आधी आठ महिने कोणालाच काही सांगितलं नव्हतं. मुलगा रात्रभर जागायचा, आईला चावायचा. मदत मागितली तर आपण नालायक ठरू असं त्यांना वाटत होतं. आता हा मजकूर वाचून आणखी किती जण गप्प बसतील?

आणि शेवटचा मुद्दा, सरकारी चौकशीचा. होम स्टडी होते, खरं आहे. पगार, घर, तब्येत, लग्न, सगळं तपासतात. मूल घरी आल्यावर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी फॉलोअप, म्हणजे चार अहवाल. रुळायला त्रास होत असेल तर समुपदेशनाची सोय करून द्यावी असं नियमातही लिहिलेलं आहे. पण फॉलोअपला येणारी ताई वही उघडून बसते तेव्हा आपण घर आवरून, मुलीला चांगला फ्रॉक घालून, चहा-बिस्किटं ठेवून ‘सगळं छान’ म्हणतो. आमच्याकडेही चारही अहवालांत सगळं छान आहे. आणि दोन वर्षं संपतात तेव्हा खरी वादळं लांब असतात. आमचं वादळ ती बाराव्या वर्षात आल्यावर आलं, पाळी सुरू झाली त्याच महिन्यात, ‘माझी खरी आई कशी दिसत असेल’ या प्रश्नासह. तेव्हा कोणत्याच फाइलमध्ये आम्ही नव्हतो.

परदेशात तरी कुठे सुबत्ता आहे? इंग्लंडने २०१५ साली दत्तक कुटुंबांच्या उपचारांसाठी खास निधी काढला, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यातली दर मुलामागची वर्षाची मर्यादा ५,००० पौंडांवरून ३,००० वर आणली. तिथली कुटुंबं त्यावर भांडताहेत. आपल्याकडे भांडायला तसा निधीच नाही. आम्ही मागतो ते साधं आहे. दोन वर्षांनंतरही उघडं राहणारं दार, जिल्ह्याच्या ठिकाणी या विषयात तयार झालेला एक तरी माणूस, आजी-आजोबांसाठी आणि शिक्षकांसाठी एखाद्या दिवसाची कार्यशाळा, आणि अहवालाशी संबंध नसलेला एक फोन नंबर.

तो नंबर सध्या आम्ही पालकच चालवतो, आळीपाळीने. मागच्या पावसाळ्यात रात्री अकराला एका बापाचा फोन आला. नाव सांगायच्या आधी त्याने विचारलं, ‘हे कुठे लिहून तर ठेवणार नाही ना?’ नाही म्हटल्यावर तो तासभर बोलला. समुपदेशक मिळाली ती त्यांच्या गावापासून सव्वाशे किलोमीटरवर. दर दुसऱ्या शनिवारी तो आणि मुलगा पहाटेच्या एसटीने जातात. खिडकी मुलाची.