जन्मठेप १४ वर्षांची नसते

ठाणे आणि नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज असा: ‘जन्मठेप म्हणजे १४ वर्षं. तुरुंगात दिवस वेगळा, रात्र वेगळी मोजतात, म्हणून ७ वर्षांत माणूस बाहेर. १४ झाली की सरकारला सोडावंच लागतं.’ यातलं एकही वाक्य खरं नाही.

दिवस-रात्रीचा तसा नियमच नाही. असता, तर ३ वर्षांची सक्तमजुरी दीड वर्षात संपली असती. शिक्षेतून वजा होते ती कच्चा कैदी म्हणून आत काढलेली मुदत, आणि काम व वर्तणुकीबद्दल मिळालेली माफी. पण हा मेसेज खरा मानणारे आहेत. ठाणे जेलच्या मुलाखतीच्या रांगेत एका आईने मला विचारलं होतं, “आठवं लागलं, वकीलसाहेब. आता सोडतील ना?” तिच्या मुलाला खुनाबद्दल जन्मठेप होती. तिला ‘नाही’ सांगणं फार जड गेलं.

जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसे यांनी माफीचे दिवस धरून २० वर्षं भरली, आता सोडा, असा दावा केला. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. १९६४ मध्ये ते सुटले, ते सरकारने उरलेली शिक्षा माफ केली म्हणून. २० वर्षांचा आकडा कायद्यात आहे, पण फक्त शिक्षेचा अंश काढण्यापुरता: जन्मठेपेच्या निम्मी शिक्षा द्यायची असेल तर ती १० वर्षं धरायची.

मग १४ आले कुठून? १९७८ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३३-अ कलम घातलं गेलं. त्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आता ते कलम ४७५ आहे. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, उदाहरणार्थ खून, त्यात जन्मठेप झालेल्याला प्रत्यक्ष १४ वर्षं भोगल्याशिवाय सरकार सोडू शकत नाही. माफीचे दिवस यात धरत नाहीत. म्हणजे १४ ही किमान मर्यादा आहे, आणि मेसेजने तिलाच कमाल करून टाकलं.

‘सोडावंच लागतं’ हेही चूक. १४ वर्षांनंतर कैद्याला मुदतपूर्व सुटकेसाठी आपल्या प्रकरणाचा विचार व्हावा, एवढंच मागता येतं. त्यावर शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचं मत मागवलं जातं, गुन्ह्याचा प्रकार आणि वर्तणूक पाहिली जाते, आणि सरकार नकारही देऊ शकतं.