माझा पर्गोला आणि त्यातले भाडेकरू

परवा मेहुणा आमच्या पर्गोल्याच्या खांबाला टेकून फोनवर बोलत होता आणि खांब हळूच त्याच्यापासून लांब सरकला. (पर्गोला म्हणजे मांडवच, पण नेटवर बघून बांधला की पर्गोला म्हणायचं.) मेहुण्याचं वजन हा घरात नाजूक विषय, त्यामुळे पहिला संशय त्याच्यावरच. पण वाकून नख लावलं तर जमिनीलगत बोटभर पट्टा भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा मऊ!

दुःख याचं की हे काम मी स्वतः केलेलं. खांब थेट काँक्रीटमध्ये पुरलेले, वर ऑइलपेंटचे तीन हात, म्हटलं पाण्याची काय बिशाद.

सुतारकाका आले, एक शब्द न बोलता पटाशी खुपसली, ती मुठीपर्यंत आत. मग म्हणाले, "साहेब, हे खांब तुम्ही कुंडीत लावलेत."

म्हणजे असं, की लाकूड वाळलं की आकसतं, काँक्रीट काही त्याच्यासोबत आकसत नाही, मग मध्ये जी फट पडते तिच्यात पाणी उतरतं आणि तिथेच बसून राहतं. लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या वर टिकली की बुरशीचं फावतं, फक्त तिला हवाही लागते, आणि जमिनीलगत ओल आणि हवा दोन्ही फुकट. व्हेनिसमधल्या इमारतींखालचे लाकडी खांब शेकडो वर्षं चिखलपाण्यात उभे आहेत कारण तिथे हवाच फारशी पोचत नाही. मी म्हटलं, मग आपणही अख्खा पर्गोला पाण्यात बुडवूया का? काका हसले नाहीत.

मी आपला शेवटचा बचाव म्हणून म्हटलं की हा ड्राय रॉट (लाकूड कुजवणारी एक बुरशी) असेल, नावातच ड्राय, म्हणजे कोरडं, आहे, म्हणजे पाण्याचा आणि माझा काही संबंध नाही. तर ते नावच फसवं, त्या बुरशीलाही ओल लागतेच.

आणि पेंट! पेंटला केसाएवढी चीर गेली की तिच्यातून पाणी आत जातं, पण त्याच वाटेने सुकून बाहेर यायला मात्र फार वेळ लागतो. म्हणजे मी तीन हात देऊन लाकडाला रेनकोट घातला तो आतून ओला. खांबांची वरची टोकं तर मी हौसेने सपाट कापलेली, लेव्हल लावून! कापलेलं टोक म्हणजे स्ट्रॉची जुडीच, बाजूपेक्षा कितीतरी जास्त पाणी पितं. वर फळ्या एकमेकींना चिकटवून, फट दिसली तर लोक काय म्हणतील म्हणून. लाकूड सागाचं होतं, हो, पण सालीजवळचं फिकट. टिकतं ते मधलं गडद, आणि ते महाग म्हणून मी घेतलं नव्हतं.

आता खांब गॅल्व्हनाइज्ड ब्रॅकेटवर, जमिनीपासून दोन बोटं वर. टोकं तिरकी, त्यावर पत्र्याच्या टोप्या, फळ्यांमध्ये ५-६ मिलीमीटर फट, आणि पेंटऐवजी लाकडात मुरणारं तेल जे दरवर्षी मलाच लावायचंय.

मेहुणा काल परत आला. खांबाखालून हात घालून बघितला, आरपार. "दाजी, हे तर हवेतच आहेत की!" म्हणाला आणि जाऊन भिंतीला टेकला.