रविवारचा झाडू, सोमवारचा ढीग

नमस्कार. तुम्ही नावाऐवजी ‘येरवड्यातला एक भाडेकरू’ एवढंच लिहिलंत, त्यामुळे दादा म्हणावं की ताई ते कळलं नाही. वस्तीतल्या सफाई मोहिमेवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंय, “हातमोजे घालून रविवारी येता, नाल्याकाठी फोटो काढता, सोमवारी तिथंच परत ढीग. आधी आम्हाला बिल्डिंग द्या, मग शिस्त शिकवा.” यातलं पहिलं वाक्य निमूट मान्य. दुसऱ्याबद्दल थोडं भांडायचंय.

पहिल्याबद्दल आधी सांगतो. आम्ही सलग तीन रविवार तो कोपरा साफ केला. तिसऱ्या खेपेला पलीकडच्या ओट्यावर भाजी निवडत बसलेल्या एक आजी म्हणाल्या, “बाळांनो, भरून नेताय ते ठीक, पण उद्याचं मी कुठं टाकू?” आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं. ही गोष्ट मी लेखात लिहिली नाही, कारण ती लिहिली असती तर लेखाची हवाच गेली असती. तुम्ही नेमकं तिथंच बोट ठेवलंत.

आजींच्या प्रश्नात सगळं आलं. नियमांनुसार ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करायचा. बरोबरच आहे. पण दहा बाय दहाच्या खोलीत मोरी, गॅस, पिंप, माणसं पाच. तिथे दोन बादल्या कुठे ठेवायच्या? बोळ इतका अरुंद की घंटागाडी नाक्यावरच थांबते, आणि ती येते तेव्हा घरची बाई दुसऱ्याच्या घरी भांडी घासत असते. मग रात्री पिशवी नाल्यात जाते. शिस्त हा शब्द मी लेखात दोनदा वापरला होता. दोन्ही वेळा चुकीचा होता.

याचं निम्मं उत्तर पुण्यातच सापडलंय. १९९३ मध्ये कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली, कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव सुरुवातीपासून त्यांच्यासोबत होते. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली आणि २००८ पासून ती महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. गाडी जिथे वळत नाही तिथे माणूस जातो. दाराशी येणारी बाई ओळखीची असली, की ओलं-सुकं वेगळं करून द्यायला कुणाला भाषण द्यावं लागत नाही. आजींना हवं होतं ते हे, माझे हातमोजे नव्हेत.

आता बिल्डिंग. गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड पाहा. मुंबईतल्या प्रकल्पांसाठी उठवलेल्या कुटुंबांना तिथे पक्क्या इमारतीत घरं मिळाली. कागदावर प्रश्न सुटला. पण दोन इमारतींमध्ये अंतर जेमतेम तीन मीटर, खालच्या मजल्यांवर ऊन नाही, हवा नाही, आणि त्या फटीत वरून टाकलेला कचरा साचलेला. अशा वसाहतींच्या २०१८ मधल्या अभ्यासात क्षयरोगाचा संबंध याच कोंदटपणाशी लागला. म्हणजे घर पक्कं झालं आणि ढीग मात्र खिडकीखाली आला. ‘आधी बिल्डिंग, मग बाकीचं’ हे सूत्र तिथे वापरून झालंय.

त्यापेक्षा तुमच्या येरवड्यात जे झालं ते मला जास्त पटतं. जेएनएनयूआरएम या केंद्राच्या शहरविकास कार्यक्रमातल्या गरिबांच्या घरांच्या योजनेत तिथे अख्खी वस्ती पाडली नाही. पक्की घरं तशीच ठेवली. पत्र्याची, मोडकी तेवढी निवडली आणि जागच्या जागी २७० चौरस फुटांची बांधून दिली. घरामागे खर्च तीन लाखांच्या आसपास धरलेला, त्यातला दहा टक्के वाटा कुटुंबाचा. ‘महिला मिलन’ या वस्तीतल्या बायकांच्या संघटनेतल्या बायका घरोघर बसून नकाशे समजावत होत्या. जिना आत घ्यायचा की बाहेर, मोरी कुठल्या कोपऱ्यात, यावर रहिवाशांशी बोलणं होत होतं. शेजार तोच राहिला, बोळ तेच राहिले, कामाला चालत जायचं अंतरही तेच. आणि घराला वरचा मजला मिळाला की खाली दोन बादल्यांना जागा होते! (सरकारी मराठीत अशा वस्तीला वर्षानुवर्षं ‘गलिच्छ वस्ती’ म्हणत आले. नावातच निकाल लावून टाकला की कुठली घरं दुरुस्त करण्याजोगी आहेत ते बघायला जातंय कोण?)

तरी तुमची खरी तक्रार मला तुमच्या सहीत दिसली, भाडेकरू. या योजनेत घर मिळालं ते ज्यांच्या नावावर झोपडं होतं त्यांना. झोपु, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतही पात्रता राहते ती झोपडीधारकाची, आणि पुरावा लागतो तो ठरलेल्या तारखेआधीपासून तिथे राहत असल्याचा. पोटमाळ्यावर भाडं भरून राहणाऱ्याला काहीच नाही, उलट खालचं घर सुधारलं की भाडं वाढतं आणि आधी तोच उठतो. बोळ स्वच्छ झाला, दिवे आले, तरी हेच. माझ्या लेखात ‘रहिवासी’ म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त घरमालक होते, हे तुमची सही वाचेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं. यावर माझ्याकडे तयार तोडगा नाही. पण कुठल्याही वस्तीच्या सर्वेक्षणात भाडेकरूंची वेगळी नोंद व्हावी आणि दुरुस्तीला पैसे देताना काही वर्षं भाडं न वाढवण्याची अट घालावी, इतकं तर मागता येईल. ती अट पाळली जाईल का? बोळात तोंडी चालणाऱ्या व्यवहारात ती कशी तपासायची, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. जमलं तर त्यावर लिहा, मी ते जसंच्या तसं इथे टाकेन.

लेखातला नाल्याकाठचा फोटो आज काढून टाकला. त्या जागी आजींचा प्रश्न लिहिलाय.