तुमचं तुम्ही ठरवा

भाड्याच्या घरात राहणाऱ्याला आपण भाडेकरू आहोत हे विसरायची सोय असते, पण करारच अकरा महिन्यांचा असल्यामुळे विसरायला जेमतेम दहा मिळतात. यंदा करार वाढवायला आलेल्या आमच्या घरमालकांनी चहा घेतला, भाडं दहा टक्क्यांनी वाढवलं आणि चप्पल घालता घालता विचारलं, "तुम्ही दोघंही कमावता, स्वतःचं का नाही बघत?" ज्यांच्या फ्लॅटचा हप्ता आमच्या भाड्यातून जातो, त्यांनीच हे विचारावं! पण बाण बरोबर बसला. त्याच रात्री नवऱ्याने एक्सेल उघडलं आणि फाइलला नाव दिलं ‘घर फायनल’. आता तिच्या पुढे ‘फायनल २’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल आईने सांगितलेलं’ अशा आवृत्त्या आहेत.

आम्ही राहतो डोंबिवली पूर्वेला. मी लोअर परळला जाते, नवरा ऐरोलीला. म्हणजे सकाळी ठाण्यापर्यंत दोघांची दिशा एक, तिथून त्याची ट्रान्स-हार्बर वेगळी. त्यामुळे घर ठाण्यात असावं असं ठरलं. ठाण्यातले भाव पाहिल्यावर ते ठाण्याच्या जवळ असावं असं ठरलं. मग जवळ म्हणजे किती, यावर आमचा पहिला मोठा वाद झाला आणि रेल्वेच्या नकाशावर बोट पुढे पुढे सरकत बदलापूरपर्यंत गेलं. तिथे एका ‘रिव्हर व्ह्यू’ प्रकल्पात आम्हाला गॅलरीतून उल्हास नदी दाखवण्यात आली. देखणी होती. पण २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती आणि हजारभर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढलं होतं, हे आमच्या सासूबाईंना तारखेसकट पाठ. त्या म्हणाल्या, "इथे आपण नदी बघायची गरज नाही. ती येईल बघायला."

सासूबाई चिपळूणच्या. पुराच्या बाबतीत त्यांच्याशी कोणी वाद घालत नाही.

आमच्याकडचे दुसरे तज्ज्ञ म्हणजे नवऱ्याचे काका. त्यांनी १९८७ साली डोंबिवलीत दीड लाखात ब्लॉक घेतला. ते फ्लॅट म्हणत नाहीत, ब्लॉकच म्हणतात. घर या विषयावर तोंड उघडलं की काकांची गाडी समोरच्या ब्लॉकवर येते. तेव्हा बिल्डर समोरचाही द्यायला तयार होता. काका म्हणतात, काकू पाटल्या मोडायला तयार झाली नाही. काकू म्हणतात, मी पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या होत्या, यांनीच विचार करू म्हटलं. समोरच्या ब्लॉकमध्ये आता तिसरं बिऱ्हाड आलंय, पण नको कोण म्हणालं होतं याचा निकाल अजून लागायचाय. मला तर तेव्हाच जरा सावध व्हायला हवं होतं असं नव्हे, मी झालेच होते. घर घेताना पैशांइतकाच दोषही कुणाच्या तरी खात्यावर टाकावा लागतो आणि तो फिटायला वीस वर्षांपेक्षा जास्त लागतात, हे काकांच्या दिवाणखान्यात बसून कुणालाही कळेल.

म्हणून की काय, आमच्याकडे सगळ्यांची बोलण्याची एक पद्धत पडली. आधी मत द्यायचं, सविस्तर, उदाहरणांसह, आणि शेवटी "अर्थात तुमचं तुम्ही ठरवा."

रविवार साइट व्हिजिटचा झाला. विक्री कार्यालय हे आपण घेऊ शकत नाही अशा घराच्या हॉलएवढं असतं. थंडगार एसी, कॉफी, टेबलावर काचेखाली प्रकल्पाचं मॉडेल, त्यात इवलीशी झाडं आणि इवलीशी माणसं पोहत असलेला तलाव. समोर गळ्यात पट्टा अडकवलेला एक मुलगा. तो आधी घराबद्दल बोलतच नाही. बजेट किती, पगार किती, सध्या कोणता हप्ता चालू आहे, निर्णय कोण घेतं, हे विचारतो. आमच्या लग्नाच्या वेळीही इतकी चौकशी झाली नव्हती. निर्णय कोण घेतं या प्रश्नाला आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्याने फॉर्मवर काहीतरी लिहिलं. काय ते मला आजही जाणून घ्यायचंय.

मग सॅम्पल फ्लॅट. सॅम्पल फ्लॅटला दारं नसतात. दार उघडायला जागा लागते आणि ती इथे कुणाला आठवू नये अशी योजना असते. आरसे सढळ. कपाटात हँगर आडवा मावत नव्हता म्हणून तिरका लावून ठेवला होता. नवरा पलंगावर आडवा झाला तर त्याची पावलं बाहेर आली, आणि तो काही सहा फुटी नाही. मी पर्समधून मोजपट्टी काढली तेव्हा त्या मुलाचा चेहरा पहिल्यांदा उतरला. ४१५ चौरस फूट कार्पेट, म्हणजे घरातली वापरायची जागा. रेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या कायद्याच्या, व्याख्येत आतल्या भिंतींची जाडीही कार्पेटमध्येच मोजतात, हे मी त्याला सांगितलं. म्हणजे मी ज्या भिंतीला टेकून उभी होते तिचेही पैसे मीच भरणार होते. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही आर्किटेक्ट आहात का?"

सासूबाईंचे प्रश्न वेगळे होते. माळा कुठे आहे? नव्या घरांना माळा नसतो हे ऐकून त्या हॉलमध्ये खालीच बसल्या. "मग मखर कुठे ठेवायचं? आणि गणपती कुठे बसवायचा?" त्याने मोठ्या उत्साहाने टीव्हीची भिंत दाखवली. "आणि टीव्ही?" तो म्हणाला, "दहा दिवस काढून ठेवायचा, आंटी." सासूबाईंना आंटी म्हणवून घ्यायला आवडत नाही. त्या प्रकल्पाचं भवितव्य तिथेच संपलं असतं, पण नेमकी तेव्हाच बाहेर घंटा वाजली.

पितळी घंटा. कुणी बुकिंग केलं की ती वाजते आणि सगळा स्टाफ टाळ्या वाजवतो. भिंतीवरच्या तक्त्यात एका चौकोनावर लाल टिकली लागते. आपल्याला घर आवडलेलं नसतं, परवडणार नसतं, तरी ती टिकली लागली की पोटात खड्डा पडतो. आम्ही पाहिलेला बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट तेवढा पांढरा होता. मुलगा खालच्या आवाजात म्हणाला, "ती समोरची फॅमिली आहे ना, त्यांनी हाच होल्डवर टाकलाय. संध्याकाळपर्यंत सांगणार आहेत."

समोरची फॅमिली आमच्या ओळखीची होती. लाल टोपीवाला मुलगा आणि त्याचे आईबाप. शीळ रोड, खडकपाडा, घोडबंदर, जाऊ तिथे ते आधीच कॉफी पीत बसलेले. मी त्यांचा मनापासून राग राग करत असे. पाणी प्यायला उठले तर कूलरपाशी ती बाई. म्हटलं, विचारूनच टाकू. ती म्हणाली, "आम्ही? आम्हाला तर सांगितलं तुम्ही होल्ड केलाय म्हणून."

तिथून आमची मैत्री झाली. आता कोणत्या प्रकल्पात कुणाची किती वाट पाहिली जातेय हे आम्ही एकमेकींना आधीच कळवतो. महारेराच्या, म्हणजे त्या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, वेबसाइटवर प्रकल्प शोधायचा, हे तिनेच शिकवलं. जाहिरातीवरच्या क्यूआर कोडने थेट तिथे जाता येतं. ताब्याची तोंडी तारीख पुढच्या दिवाळीची असते, तिथे पाहिलं तर दोन वर्षं नंतरची. विचारलं तर उत्तर मिळतं, "ती फक्त सरकारी तारीख आहे." आणि डोंबिवलीकरांना नुसता रेरा नोंदणीचा नंबर पाहूनही झोप लागत नाही. खोट्या कागदपत्रांवर रेरा नोंदणी मिळवलेल्या इथल्याच ६५ बेकायदा इमारती पाडायचा आदेश उच्च न्यायालयाने २०२४ साली दिला, तेव्हा त्यांत हप्ते भरून राहणारी माणसं होती. ती बातमी काकांनी मला कापून आणून दिली. वर निळ्या पेनने लिहिलं होतं: ‘ओसी बघणे. तुमचं तुम्ही ठरवा.’ ओसी म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला.

आता कॉस्ट शीट. भाव ७२ लाख. त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ३ लाख ६० हजार. मुद्रांक शुल्क ठाण्यात ७ टक्के, त्यात एक टक्का मेट्रोसाठी. मेट्रोत पाय ठेवायच्या आधीच तिचं तिकीट काढल्यासारखं हे झालं. ५ लाख ४ हजार. नोंदणी ३० हजार. मग डेव्हलपमेंट चार्जेस, क्लबहाऊस, सोसायटी स्थापना, दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स. ८५ लाखांच्या घरात गेलं. बँक किमतीच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त देत नाही आणि या सगळ्या वरखर्चाला तर हातच लावत नाही. ५७ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं, हप्ता साडेएकोणपन्नास हजार. नवऱ्याने एकूण परतफेड काढली: १ कोटी १८ लाखांच्या वर. मग तो सेल त्याने लपवून टाकला. एक्सेलमध्ये तशी सोय आहे.

एकच आनंदाची गोष्ट सापडली. ५० लाखांवरच्या घराला खरेदीदाराने बिल्डरचा १ टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरायचा असतो. नोकरी लागल्यापासून आमचाच कापला गेलाय. आपल्यालाही कुणाचा तरी कापायला मिळणार, या कल्पनेने नवरा दोन दिवस खुशीत होता.

आणि मग कुणीतरी सांगितलं की घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ७२ हजार रुपये. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत माझ्याकडे कुणी इतक्या आदराने पाहिलं नव्हतं. सासऱ्यांनी चिपळूणहून फोन करून "गृहलक्ष्मी" म्हटलं. पण नवऱ्याने शीट उघडलं. जुन्या करपद्धतीत व्याजावरची सूट त्यालाही घ्यायची तर त्याचं नाव घराच्या कागदावर हवं. त्याचं नाव आलं की माझी सवलत गेली. म्हणजे प्रश्न असा उरला की माझ्यावरचा विश्वास किती रुपयांपर्यंत टिकतो. दोन रात्री बेरजा झाल्या. शेवटी तो म्हणाला, "घेऊ तुझ्या एकटीच्या नावावर." मला भरून आलं. पुढचं वाक्य होतं, "म्हणजे मग उद्या काही झालं तरी घर तूच घेतलेलं असेल ना."

बाराव्या मजल्यावरचा तो फ्लॅट आम्ही अखेर निवडल्यासारखा झाला. रस्त्यापासून आत, हवा खेळती. सोमवारी सकाळी गेटवर उभं राहून बाजूच्या तयार टॉवरमध्ये पाण्याचे टँकर किती येतात ते मोज, असं काकांनी सांगितलं होतं; मोजले, बेतात होते. पार्किंग नको म्हटलं, आमच्याकडे गाडी नाही. पट्टेवाला मुलगा म्हणाला, "घ्याच मॅडम, रिसेलला लागतं." अजून घेतलं नाही त्याच्या रिसेलचीही चिंता त्यालाच.

तेवढ्यात पितृपक्ष लागला आणि त्याचा फोन आला. दोन लाख कमी. अमावास्येपर्यंतच. वर्षभरात भाव उतरतात ते याच पंधरवड्यात, कारण या पंधरवड्यात मराठी माणूस चप्पलसुद्धा विकत घेत नाही. घटस्थापनेपासून ‘उत्सव ऑफर’ सुरू होते, तिच्यात चांदीचं नाणं मिळतं आणि भाव पूर्ववत होतो.

सासूबाई म्हणाल्या, "पक्षात? वाट्टेल ते."

काका म्हणाले, "वहिनी, पितर वरून बघतायत. नातसुनेचे दोन लाख वाचले म्हणून त्यांना आनंदच होईल."

सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "त्या मुलाला फोन लाव."

स्पीकर त्यांनी लावू दिला नाही. गॅलरीत उभ्या राहून त्या बोलल्या. आत आम्हाला तुटक ऐकू येत होतं: "तुझं गाव कुठलं?", "आईला विचार", "चेकवर घटस्थापनेची तारीख टाकीन, पण भाव आजचा." मध्येच त्या हसल्यासुद्धा. आत आल्या तेव्हा फोन गरम झाला होता. भाव कमीच राहणार, पैसे घटस्थापनेला द्यायचे, आणि पार्किंगशिवाय.

"पार्किंगशिवाय?" नवरा म्हणाला. "रिसेलला लागतं."

सगळे त्याच्याकडे पाहत राहिले. सासूबाईंनी फोन माझ्या हातात दिला. "मी फक्त बोलून दिलं. शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. काय ते तुमचं तुम्ही ठरवा."

"नाव तिचं आहे," नवरा म्हणाला. "ती म्हणेल तसं."

मी काकांकडे पाहिलं. काकांनी काकू स्वयंपाकघरात असल्याची खात्री करून घेतली, माझ्याकडे वाकले आणि म्हणाले, "घे. डोळे मिटून घे. फक्त मी सांगितलं म्हणून कुणाला सांगू नकोस."